चौथी कडी

४ मे

वन्सं,

हे पत्र फाडून टाकायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी दुसरं पान काढून बाजूला ठेव. त्यावर खांबाची मापं आहेत. ती बघून एका ओळीचं उत्तर पाठव, मग पहिल्या पानाचं तुला हवं ते कर. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान दाराच्या फटीतून आत तरी पडतं.

'वन्सं'च्या खाली काय खोडलंय ते तुला दिसेलच. शाळेत सात वर्षं एका बाकावर बसलो, तेव्हा तू टिटवी होतीस आणि मी गोगलगाय. तुझ्या दादाशी माझं लग्न झालं आणि सासूबाईंनी फर्मावलं, "आता तिला वन्सं म्हणायचं." तू माझ्या कानात "जी वहिनीसाहेब" म्हणालीस आणि दंडाला असा चिमटा काढलास की आठ दिवस निळं होतं.

आता कामाचं. गच्चीवरची आपली वेधशाळा कलली आहे. आपली म्हणते, कारण आराखडा तुझा, हात तुझ्या दादाचे आणि पळ्या माझ्या. वाऱ्याच्या वाट्यांसाठी त्याने माझ्या तीन कोऱ्या पळ्यांचे दांडे कापले होते, ते मी अजून विसरलेले नाही. बाकी सगळं ठीक आहे. पावसाचं नळकांडं गळत नाही. झडपांच्या पांढऱ्या पेटीला मी दर वर्षी रंग देते. आतला तापमापक रोज सकाळी आठला वाचते आणि वहीत लिहिते. एक दिवस चुकवलेला नाही. फक्त वाऱ्याचा रकाना चार वर्षं कोरा आहे. पळ्या वर फिरतात, खाली सायकलीचा वेगमापक आकडे दाखवतो, मी बघत नाही.

कललाय तो खांब. शिलाईच्या रिळाला दोरा बांधून ओळंबा सोडला, तर वरचं टोक एक वीत आणि तीन बोटं बाहेर, आणि तेही नेमकं टेलरबाईच्या दुकानाकडे. आपल्या पूर्वेच्या भिंतीला लागून पत्र्याचं दुकान आहे ना, ते आता तिने घेतलंय. बाई चांगली आहे, पण हातातल्या कात्रीपेक्षा तोंडातली जास्त चालते. काल खालून ओरडली, "काकू, तो दांडा माझ्या पत्र्यावर आला तर पत्रा नवीन मिळेल, डोकं कुठून आणू?" पुढच्या महिन्यात मोठे वारे सुरू होतील. तोवर नीट बांधा नाहीतर उतरवा, असं तिचं म्हणणं. त्यात तिचं काही चूक नाही.

उतरवणं सोपं आहे. भंगारवाला दर मंगळवारी दारावरून जातो. पण मला उतरवायचा नाही. तुझ्या दादाच्या हातचं या घरात उभं असलेलं एवढंच राहिलंय. बाकी सगळं कपाटात आहे.

तुझ्या आराखड्याची वही माझ्याकडे आहे, पण तणाव्यांचं पान उंदरांनी खाल्लं. पूर्ण वहीतलं नेमकं तेच. तंबूला असतात तसे खांबाला तीन बाजूंनी तणावे होते, एवढं मला माहीत आहे. पश्चिमेचा गंजून तुटलाय. तो परत कसा बांधायचा, कशाने बांधायचा, किती आवळायचा, ते लिही.

त्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर मी तुला जे बोलले त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. हे पत्र खांबाबद्दल आहे.

तुझी
वहिनी

(दुसरं पान)
पाइप दीड इंची, उंची अकरा फूट. बुंधा काँक्रीटच्या डब्यात, डबा पक्का आहे. तणावे अडकवायचा लोखंडी पट्टा जमिनीपासून सात फुटांवर. पट्ट्याला कड्या चार. उरलेल्या दोन तणाव्यांची टोकं कठड्यात ठोकलेल्या खिळ्यांना. एक खिळा हलतो.


१६ मे

वन्सं,

कार्ड मिळालं. 'प्रिय' नाही, सही नाही, 'कशी आहेस' नाही. दोन्ही बाजूंना सूचनाच सूचना. पण सातच्या आकड्याच्या पोटात ती आडवी रेघ बघितली आणि मी कार्ड घेऊन जिन्यातच बसले.

एक कबूल करते. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून मधल्या काळात मी माझं डोकं चालवलं. पश्चिमेला नायलॉनची दोरी बांधली, चांगल्या पाच गाठी मारून, आणि खिळा हलू नये म्हणून त्यावर विटा रचल्या. दुसऱ्या दिवशी टाकी भरून वाहिली, दोरी भिजली आणि लोंबायला लागली. त्याच दिवशी तुझं कार्ड आलं. पहिलंच वाक्य: "नायलॉन नको, ओलं झालं की सैल पडतं." इतक्या लांबून तुला माझी गच्ची दिसते की काय?

बाकी सगळं तुझ्या हुकमाप्रमाणे. कठड्यात खिळे नकोत, स्लॅबमध्ये बोल्ट हवेत. तार पोलादी हवी. तिन्ही तणाव्यांमधलं अंतर सारखं हवं. प्रत्येक तारेला आवळायचा स्क्रू हवा, आणि आवळून झाल्यावर त्या स्क्रूच्या पोटातून बारीक तार ओवून पीळ द्यायचा, नाहीतर वाऱ्याच्या हादऱ्याने तो आपोआप उलटा फिरतो. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित: "वारा सुटला की वर जायचं नाही. आधी बांधायचं, मग खाली बसायचं."

ते वाक्य मी वाचलं. त्याबद्दल काही लिहीत नाही.

वेल्डर येऊन गेला. फाटकांचं काम करतो तो, कोपऱ्यावरचा. खांबाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "मावशी, हा ॲन्टेना कुठल्या कंपनीचा?"

"ॲन्टेना नाही, वेधशाळा आहे."

"सरकारी?"

"घरची."

"म्हणजे उद्याचा पाऊस कळतो?"

"नाही रे. काल किती पडला ते कळतं."

तो जरा वेळ पळ्यांकडे बघत राहिला. म्हणाला, "कालचा तर मलाही कळला होता, मावशी. माझी सतरंजी भिजली." पण काम मन लावून केलं. बोल्टसाठी भोकं पाडताना मला तीन वेळा विचारलं, "खाली कोणाची खोली नाही ना?" बोल्ट बसल्यावर त्यावर स्वतः उभा राहून उड्या मारल्या.

तार तालुक्याला सांगितली आहे. सोमवारी येईल.

कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तू विचारलंयस: "आराखड्यात कड्या मी तीन काढल्या होत्या. चौथी कशाची?" ती असेल जुनी. पाइपवाल्याने आधीच लावलेली असावी. ती सोड.

तुझी
वहिनी


२८ मे

टिटवे,

खोडायचा कंटाळा आला. आता असंच लिहिणार.

तिन्ही तणावे बसले. तारांवर टिचकी मारून बघ, तिन्हींचा आवाज सारखा यायला हवा, असं तू लिहिलं होतंस. हे आपण कोणाला लिहितोय याचा जरा विचार करायचा होतास! गाण्याच्या तासाला सिस्टरनी माझ्या डोक्यावर हात ठेवून काय सांगितलं होतं? "बाळ, तू नुसते ओठ हलव." दोन वर्षं मी नुसते ओठ हलवले, आणि शेजारी उभी राहून तू माझ्या वाटणीचंही ओरडून गायचीस. तर मी तिन्ही तारांवर टिचक्या मारल्या, मला तिन्ही अगदी सारख्या वाटल्या, मी खूश. तेवढ्यात टेलरबाई वर आली. एकेक टिचकी मारत गेली आणि म्हणाली, "काकू, या दोन उभ्या आहेत आणि ही झोपलीय."

"तुला गाण्यातलं कळतं?"

"गाण्यातलं कशाला? वीस वर्षं मशीनच्या दोऱ्याचा ताण बघतेय. माझ्या बोटांना विचारा." मग तासभर उन्हात बसून अर्धा अर्धा फेरा देत तिने तिन्ही तारा एका सुरात आणल्या. ओळंबा आता खांबाला चिकटून सरळ खाली येतो. जाताना म्हणाली, "आता पडला तर तुमच्या नशिबाने पडेल, माझ्या पत्र्याच्या नव्हे."

इथपर्यंत लिहून मी पत्र पाकिटात घातलं होतं. मग परत काढलं. तुझं दुसरं कार्ड समोर आहे, त्यावर एकच ओळ: "चौथी कडी पाइपवाला कशी लावेल? पट्टा मी काढला होता."

आठवतं, शाळेच्या वसतिगृहात दर रविवारी घरी पत्र लिहायची सक्ती असायची? सिस्टर ती वाचून मगच पाकिटं बंद करायच्या. तापाने फणफणलेली असले तरी मी लिहायची, 'मी मजेत आहे, अभ्यास चालू आहे, हवा छान आहे.' पत्रातून काय काय गाळायचं ते मी त्या वयात शिकले, आणि तुला गेली दोन पत्रं तशीच लिहिली. हे तिसरं तसं नको.

चौथी कडी कपड्यांच्या दोरीची आहे.

गच्चीवर दोरी बांधायला दुसरं टोक नव्हतं. एका बाजूला टाकीचा नळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. मी किती दिवस भुणभुण लावली होती. शेवटी तुझ्या दादाने पट्ट्याला आणखी एक कडी बसवली आणि माझी दोरी खांबाला बांधून दिली. म्हणाला, "टिटवीला सांगू नकोस. माझा जीव घेईल." आम्ही दोघं किती हसलो होतो!

साड्या, टॉवेल यांनी काही झालं नाही. त्या दिवशी मी सहा चादरी धुतल्या. डबल बेडच्या, जाड. दुपारी वारा सुटला. ओल्या चादरी शिडासारख्या फुगल्या आणि खांब एका बाजूला ओढला जायला लागला. मी जिन्यातून बघितलं आणि खाली येऊन त्याला उठवलं. तो दुपारचा झोपला होता. मी म्हटलं, "माझ्या चादरी उडतील, जरा काढून आणा." चादरी म्हटलं मी, टिटवे. खांब नाही म्हटलं.

त्याने वर जाऊन चादरी काढल्या, खाली टाकल्या, मग तसाच वाऱ्यात उभा राहून खांब ओढून धरला आणि तणावे आवळले. पाऊण तास. मी खाली चादरींच्या घड्या घालत होते. तो आला तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "जरा दम लागलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत दुखायला लागलं. पुढचं तुला माहीत आहे. हृदय आधीच थकलेलं होतं, कधीही झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर सगळ्यांना असंच सांगत असतील.

आणि तू व्हरांड्यात आलीस, रात्रभराचा प्रवास करून, हातात ती निळी पिशवी घेऊन, आणि मी सगळ्यांदेखत तुला म्हटलं, "तुझ्या त्या खांबापायी माझा माणूस गेला." तू एक शब्द बोलली नाहीस. त्याला पोचवलंस आणि त्याच पिशवीसकट परत गेलीस.

अजून एक आहे. लोक भेटायला यायच्या आधी मी गच्चीवर गेले, दोरी सोडली आणि गुंडाळून टाकीच्या मागे टाकली. कोणी विचारू नये म्हणून. कडी पट्ट्याला घट्ट बसलेली होती, ती निघाली नाही.

मापं लिहिताना मी 'कड्या तीन' लिहू शकले असते. पेन थोडा वेळ तिथे थांबलं होतं.

आता तू काय म्हणशील ते मला ऐकायचं आहे. काही म्हणाली नाहीस तरी तो तुझा हक्क आहे.

तुझी
गोगलगाय


८ जून

टिटवे,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण खोटं आता पुरे. पोस्टमन सव्वाअकराला येतो आणि मी अकरापासून खिडकीत असते.

काल वारा झाला. मोठा. सकाळी आठला वहीत सगळं नेहमीसारखं होतं. साडेबाराला पश्चिमेकडून धूळ उठली. एकला टेलरबाई दुकान बंद करून मशीनचं डोकं काखेत मारून माझ्या स्वयंपाकघरात आली. "पत्रा गेला तर गेला, हिला सोडत नाही," म्हणाली आणि मशीन माझ्या ओट्यावर ठेवली.

वर पळ्यांचा आवाज चढत होता. आधी भिंगरीसारखा, मग शिट्टीसारखा. तारा गुणगुणायला लागल्या, मला तेवढं तरी ऐकू आलं. आणि तेव्हा मला आठवलं. बाकीच्या दोन स्क्रूंमध्ये मी बारीक तार ओवून पीळ दिला होता. पश्चिमेच्या स्क्रूला तार कमी पडली. उद्या आणू म्हटलं आणि राहून गेलं. वारा पश्चिमेचाच होता.

तीन वाजता वर काहीतरी धाडकन आपटलं. मी जिन्यापाशी गेले. खरं सांगते, मी चार पायऱ्या चढले. दोन मिनिटांचं काम, हातात पक्कड होती.

टेलरबाई खाली उभी राहून म्हणाली, "काकू, त्या कार्डावर दोन रेघा मारल्यात." कार्ड मी जिन्याच्या भिंतीला चिकटवलंय. "एक असती तर गोष्ट वेगळी. दोन मारल्यात म्हणजे बाई रागीट असणार."

"रागीट नाही गं," मी म्हटलं, आणि मला एकदम रडूच आलं. मग मी एक पायरी उतरले आणि तिसरीवर बसले. तिथे कोणी बसत नाही, गेली चार वर्षं. मी बसले. वारा पडेपर्यंत बसले. टेलरबाई खालच्या पायरीवर बसून कोणाच्या तरी झग्याला गुंड्या लावत होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "अजून वाजतंय का?" मी म्हणायची, "वाजतंय." वाजतंय म्हणजे उभा आहे.

सव्वापाचला वारा पडला तेव्हा आम्ही दोघी वर गेलो. खांब सरळ, टिटवे! पश्चिमेचा स्क्रू उलटा फिरत फिरत निम्म्याहून जास्त सुटला होता, तीन-चार फेरेच आत उरले होते, पण तेवढ्यांनी धरून ठेवलं. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाचं शेपूट तुटून कठड्यावर आपटलं आणि खाली टेलरबाईच्या पाण्याच्या पिंपात पडलं, धाडकन झालं ते तेच. तिचा पत्रा जागेवर आहे. एक पळी चेपली आहे, ती मी ठोकून सरळ करीन. पळीचं काम मला येतं.

मग मी खाली आले आणि सायकलीच्या वेगमापकावरची धूळ पुसली. दिवसभरातल्या सगळ्यात जोराच्या झोताचा आकडा त्यात राहतो, तू सांगितलं होतंस. ताशी एकाहत्तर किलोमीटर. टेलरबाई म्हणाली, "एवढी सायकल चालली आणि जागच्या जागी!"

मी वही काढली आणि वाऱ्याच्या रकान्यात एकाहत्तर लिहिलं. शेरा: 'कोणीही वर गेलं नाही.'

तुझी
गोगलगाय


१९ जून

टिटवे,

तुझं पत्र काल मिळालं. पाच वेळा वाचलं. पत्र म्हणजे पत्र, कार्ड नव्हे, चार पानं. पण तुझ्या त्या एका परिच्छेदाशी मी काल दिवसभर भांडत होते, म्हणून उत्तर आज लिहितेय.

"चौथ्या कडीचं मला चार वर्षं माहीत होतं," असं तू किती सहज लिहून टाकलंस! म्हणे त्या दुपारी तू वाऱ्याचा अंदाज ऐकून फोन केलास, आणि वर जाता जाता दादाने तुला सांगितलं, "टिटवे, ओरडू नकोस, तुझ्या वहिनीची दोरी मीच बांधलीय तुझ्या खांबाला. तिच्या चादरी काढतो आणि तुझा खांबही बघतो." आणि तो हसत होता. तो हसत वर गेला, हे मला माहीत नव्हतं. मी त्याची झोप मोडली एवढंच मला माहीत होतं. ते एक वाक्य तू मला चार वर्षं आधी दिलं असतंस तर.

नाही, हे मी खोडत नाही, पण यातला दोष तुझा नाही. मी तुला द्यायला जागा कुठे ठेवली होती?

पण बाई गं, व्हरांड्यात सगळे तुझ्याकडे बघत होते. 'दोरी हिची होती' एवढं म्हणाली असतीस तरी संपलं असतं. शाळेत कुठलंही गुपित मधल्या सुट्टीपर्यंत तुझ्या पोटात टिकत नसे. कोणी कोणाची शाई सांडली ते तू सिस्टरनी विचारायच्या आत सांगायचीस! आणि हे मात्र गिळून बसलीस. का, ते तू लिहिलंयस: "तेव्हा तुला कोणावर तरी ओरडायचं होतं. दादा नव्हता. मी होते." आणि पुढे: "मग रागही आला. खूप आला. तो खोटा नव्हता. पण तू मापात 'कड्या चार' लिहिलंस तेव्हा वाटलं, ही सांगायला निघाली आहे, हिला थोडं ढकलावं." टिटवे, मला ढकलायची तुझी सवय जुनीच. पोहायच्या तलावात सुद्धा तूच ढकललं होतंस.

पश्चिमेच्या स्क्रूला वाऱ्यानंतर लगेचच तार ओवून पीळ दिला. त्याआधी टेलरबाईने तो पुन्हा आवळला आणि तिन्ही तारांवर बोटं फिरवून पाहिली. तिला मी काल सांगितलं की तू येणार आहेस. ती म्हणाली, "दोन रेघावाल्या? मग मी माझं दुकान झाडून ठेवते."

तुझ्यासाठी मागची खोली काढली आहे, पश्चिमेची खिडकी आहे ती. पलंगावर नवीन चादर घातली आहे. जुन्यांचं काय करायचं ते तू आल्यावर ठरवू. दोघी मिळून ठरवू, मला एकटीला ठरवता आलेलं नाही.

पत्रात तू कुठेही लिहिलेलं नाहीस की मला माफ केलंस. मी दोनदा शोधलं. शेवटच्या पानाच्या तळाशी फक्त एवढंच आहे: "गुरुवार. गाडी पावणेबाराची. न्यायला येऊ नकोस, मला घर सापडेल."

मी येणार आहे. आठचं माप घेऊन झालं की लगेच निघेन, म्हणजे नऊपासून फलाटावर असेन. पायऱ्यांच्या बाजूचा बाक, नाहीतर त्याच्या पलीकडचा. पांढरे केस बघून चुकू नकोस, चष्मा तोच आहे.

तुझी
गोगलगाय